पडद्यावरची भूक आणि पोटातली भूक

जंगलात एकट्या सापडलेल्या माणसाला जगवायचे, असे खेळ संगणकावर आणि मोबाइलवर आता पुष्कळ निघाले आहेत. तुमच्यापैकी अनेकांनी ते खेळले असतील. निदान दादाच्या किंवा ताईच्या खांद्यावरून डोकावून पाहिले तरी असतील. या खेळांत लाकूड तोडायचे, निवारा बांधायचा, श्वापदांपासून जीव वाचवायचा आणि हे सगळे करताना उपाशी मरायचे नाही. भूक किती लागली आहे हे पडद्याच्या कोपऱ्यात चित्राने दाखवलेले असते. ते चित्र रिकामे होत आले, की खेळणारा हातातले काम टाकून अन्नाच्या शोधाला लागतो.

आता प्रश्न असा, की भूक अशी आकड्यांत मांडता येते काय? खेळ रचणाऱ्यांनी ती कशी मांडली? आणि आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या खऱ्याखुऱ्या जंगलात, जिथे आजही अनेक कुटुंबे वर्षाचा काही भाग रानातून आणलेल्या वस्तूंच्या आधाराने काढतात, तिथे हे गणित जुळते काय? आपण ते मिळून करून पाहू. त्यासाठी तुमच्या पाठ्यपुस्तकातले कार्य आणि ऊर्जा हे प्रकरण पुरेसे आहे.

दहा तंगड्यांचा हिशेब

‘माइनक्राफ्ट’ हा स्वीडनमध्ये तयार झालेला खेळ २०११ साली पूर्ण स्वरूपात बाहेर पडला आणि त्याच वर्षी त्यात भुकेची पट्टी आली. पट्टीवर कोंबडीच्या १० तंगड्या असतात. एका तंगडीचे २ गुण. म्हणजे भरल्या पोटाचे २० गुण. खेळातला माणूस श्रम करू लागला, की आत कुठेतरी थकव्याची बेरीज चालू होते. १ मीटर धावले की ०.१, एक उडी मारली की ०.०५, एक वार केला की ०.१. ही बेरीज ४ झाली, की एक गुण खर्ची पडतो. मात्र तो लगेच पट्टीतून जात नाही. पडद्यावर न दिसणारे ‘तृप्ती’चे एक खाते असते, आधी ते रिकामे होते आणि मग तंगड्या कमी होऊ लागतात. पाव खाल्ला तर पट्टीत ५ गुण आणि तृप्तीच्या खात्यात ६ गुण जमा होतात. बिस्कीट खाल्ले तर पट्टीत २, पण तृप्तीत अवघे ०.४. म्हणून बिस्किटाने लगेच पुन्हा भूक लागते.

पट्टीत १८ किंवा अधिक गुण असतील तर जखमा आपोआप भरतात. ६ किंवा त्याहून कमी उरले तर धावता येत नाही. शून्य झाले की जीव कमी होऊ लागतो. पण एक गंमत पाहा : तुम्ही नुसते उभे राहिलात, तर खर्च शून्य! महिनाभर उभे राहा, भूक लागणार नाही.

‘डोन्ट स्टार्व्ह’ हा कॅनडात तयार झालेला २०१३ सालचा खेळ याच्या अगदी उलट आहे. त्यातल्या नायकाच्या पोटात १५० गुण मावतात आणि खेळातल्या एका दिवसात ७५ गुण खर्च होतात. तो दिवसभर झाडे तोडो की झाडाखाली झोपून राहो, खर्च तोच.

म्हणजे एका खेळाने भुकेला नळ मानले आहे. काम केले तरच तो उघडतो. दुसऱ्याने तिला भोक पडलेली टाकी मानले आहे. ती सतत एकाच वेगाने गळते. यांतले खरे कोणते?

शरीर : नळही आणि गळतीही

खरे दोन्ही. ५० किलो वजनाचे प्रौढ माणूस दिवसभर काही न करता पडून राहिले, तरी त्याला सुमारे १,२५० उष्मांक लागतात. उष्मांक म्हणजे १ किलो पाण्याचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढवण्यास लागणारी उष्णता. ती सुमारे ४.२ किलोज्यूल भरते. १,२५० उष्मांकांचे ज्यूल करा आणि त्याला दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागा. उत्तर येते सुमारे ६० वॅट. तारेच्या जुन्या ६० वॅटच्या दिव्याइतकी ऊर्जा आपण नुसते जिवंत राहण्यासाठी अहोरात्र खर्चत असतो. हृदय, फुफ्फुसे, यकृत, मूत्रपिंडे आणि मेंदू यांचे काम झोपेतही थांबत नाही. एकटा मेंदूच त्यातला सुमारे पाचवा हिस्सा घेतो. ही झाली गळती. श्रमाचा खर्च यावर वेगळा.

तो खर्च खेळाने बरोबर मोजला आहे काय? धावताना माणसाच्या शरीराला दर किलो वजनामागे दर मीटरला साधारण ४ ज्यूल लागतात. ५० किलोच्या मुलीला १ मीटर धावायला २०० ज्यूल. आता तिने १ मीटर उंच चढायचे ठरवले, तर गुरुत्वाकर्षणाविरुद्धचे कार्य ५० × ९.८ × १ = ४९० ज्यूल. पण स्नायूंची कार्यक्षमता फार तर पाव हिस्सा असते. उरलेली ऊर्जा उष्णता होऊन जाते. म्हणून अन्नातून खर्च होतात सुमारे २,००० ज्यूल. म्हणजे १ मीटर चढणे हे १ मीटर धावण्याच्या दहापट महाग! खेळात मात्र उडी धावण्याच्या निम्म्या किमतीत मिळते. टेकडी चढताना आपल्याला दम का लागतो आणि पडद्यावरच्या वीराला का लागत नाही, ते यावरून कळेल.

आणखी एक हिशेब करू. ४ थकव्याला एक गुण, म्हणजे ४० मीटर धावण्याला एक गुण. २० गुणांत ८०० मीटर. खऱ्या मुलीला यासाठी १ लाख ६० हजार ज्यूल, म्हणजे सुमारे ३८ उष्मांक लागतील. १०० ग्रॅम तांदळात साधारण ३५० उष्मांक असतात. तेव्हा पट्टीवरच्या त्या दहाही तंगड्यांची किंमत ११ ग्रॅम तांदूळ, जेमतेम एक मोठा चमचा!

मोहाखालचा जमाखर्च

आता पडदा बाजूला ठेवून खऱ्या रानात जाऊ. मार्च-एप्रिलमध्ये धानोरा, कोरची, भामरागडकडे किंवा चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही-मूलकडे गेलात, तर उजाडण्यापूर्वीच बायामाणसे आणि मुले टोपल्या घेऊन मोहाखाली पोचलेली दिसतील. मोहाची मांसल, गोड फुले रात्री उशिरा आणि पहाटे टपटप गळतात. ती वेचून, अंगणात वाळवून ठेवतात. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते.

समजा, एका बाईचे वजन ५० किलो आहे. जाऊन-येऊन ६ किलोमीटर चालणे आणि ४ तास वाकून वेचणे, असे तिचे काम. चालण्याला किलोमीटरमागे सुमारे ३७ उष्मांक धरले तर २२०. वेचण्याला तासाला १५० धरले तर ६००. एकूण खर्च ८२० उष्मांक. वेचलेली फुले वाळून २ किलो भरली, असे धरू. निम्मीच साखर मानली तरी १ किलो साखर झाली, म्हणजे ४,००० उष्मांक. एक खर्चून जवळजवळ पाच मिळाले. जगण्याच्या व्यवहारात हा सौदा चांगला म्हणायचा.

रानातले कोणतेही अन्न याच तराजूत तोलावे लागते. किती मिळाले हा अर्धाच प्रश्न आहे. ते मिळवण्यासाठी किती खर्चले, हा उरलेला अर्धा. ज्या कंदाला खणण्यासाठी त्याच्यातल्या ऊर्जेपेक्षा जास्त ऊर्जा लागते, तो पोटात जाऊनही माणूस उपाशीच राहील. खेळातही जाणते खेळाडू हेच करतात. ते दूरच्या सशामागे धावत नाहीत, घराजवळ गहू पेरतात.

मात्र उष्मांकांच्या वहीत न बसणाऱ्या दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे धोका. पहाटेच्या अंधुक उजेडात वाकून फुले वेचणाऱ्या माणसावर वाघाने हल्ला केल्याच्या घटना चंद्रपूर जिल्ह्यात घडलेल्या आहेत. आणि पडद्यावर मेलेला माणूस पुन्हा उठतो, तसे इथे होत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे काळ. मोहाचा हंगाम काही आठवड्यांचाच. त्यातलीही बरीच फुले बाजारात विकली जातात, कारण मीठ-मिरची आणि औषधपाणी यांना पैसा लागतो.

रोवणीच्या दिवसांतली टाकी

वर्षाचा आलेख काढून पाहा. आडव्या अक्षावर महिने घ्या. उन्हाळ्यात मोह, चारोळी, तेंदूपानाची मजुरी. पावसाळ्यात रानात सात्या उगवतात, बांबूचे कोवळे वास्ते निघतात, पालेभाज्या मिळतात. पण यांत उष्मांक थोडे. खरे उष्मांक धानात, आणि नवे धान हाती येते दिवाळीच्या सुमारास. गेल्या वर्षीचे धान ज्यांच्या घरी थोडेच होते, त्यांची कणगी आषाढ-श्रावणात तळाला लागलेली असते.

आता याच कागदावर खर्चाची रेषा काढा. सर्वांत अवघड काम कोणते? चिखलात दिवसभर वाकून करायची रोवणी. ती केव्हा? आषाढ-श्रावणातच! शिवाय हेच दिवस हिवतापाचे आणि हगवणीचे. ताप आला, की शरीराची गळती वाढते. तापमानाच्या दर अंशामागे ती साधारण दहा-बारा टक्क्यांनी वाढते. हगवणीत तर खाल्लेले अंगीच लागत नाही. थोडक्यात, जमेची रेषा सर्वांत खाली असते तेव्हाच खर्चाची रेषा सर्वांत वर असते. कोणत्याही खेळाच्या रचनाकाराने इतका कठीण टप्पा खेळात घातलेला नाही.

मग माणसे यातून निभावतात कशी?

गळती कमी करणारी टाकी

इथेच शरीर आणि खेळ यांच्यातला सर्वांत मोठा फरक आहे. शरीरात साठा असतो. यकृतात आणि स्नायूंत ४०० ते ५०० ग्रॅम शर्करेचा साठा, तो जेमतेम एका दिवसाचा. चरबीचा साठा मात्र काही आठवड्यांचा. पण साठ्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की मिळकत कमी झाली तर शरीर आपला खर्चही कमी करते. टाकी स्वतःच आपले भोक लहान करते!

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज यांनी १९४४-४५ साली केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. ३६ निरोगी तरुण स्वेच्छेने पुढे आले. त्यांना २४ आठवडे साधारण निम्म्या अन्नावर ठेवले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. पण विश्रांतीच्या वेळचा त्यांचा ऊर्जाखर्च त्याहून अधिक, म्हणजे जवळजवळ ४० टक्क्यांनी घटला. नाडी मंदावली, उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली, जिना चढणे नकोसे झाले, हसणे-बोलणे कमी झाले. डोक्यात विचार एकच, अन्नाचा. खेळातला माणूस पट्टी ७ गुणांवर येईपर्यंत पूर्ण वेगाने धावतो आणि ६ वर एकदम थांबतो. खरा माणूस असा थांबत नाही. तो हळूहळू मंदावतो, आणि इतक्या हळू, की बाहेरून पाहणाऱ्याच्या ते ध्यानातही येत नाही.

या प्रश्नावर आपल्या पुण्यात १९७० आणि १९८०च्या दशकांत मोठा वाद झाला होता. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ या अर्थशास्त्रज्ञांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्य मोजताना माणशी रोज २,२५० उष्मांक ही कसोटी धरली. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे संचालक राहिलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी अशा कसोटीला हरकत घेतली. एकाच माणसाची गरज रोज सारखी नसते. शरीर काही मर्यादेत आपला खर्च मिळकतीप्रमाणे जुळवून घेते. तेव्हा सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी आहे असे मोजणे चूक, असे त्यांचे म्हणणे. स्वच्छ पाणी आणि आरोग्य यांकडे लक्ष दिले, तर खाल्लेले अन्न अधिक उपयोगी पडेल, असेही ते सांगत.

शरीर जुळवून घेते, ही गोष्ट खरी आहे. पण या विचाराच्या टीकाकारांनी विचारलेला प्रश्नही तितकाच खरा होता : शरीर खर्च कमी करते म्हणजे नेमके काय कमी करते? मोठा माणूस हालचाल कमी करतो. म्हणजे त्याची मजुरी बुडते. आणि लहान मूल? ते खेळणे कमी करते. मग त्याची वाढ थांबते. मूल रडत नाही, मागत नाही, शांत बसून राहते. घरच्यांना वाटते, पोर समजूतदार आहे. प्रत्यक्षात त्याच्या शरीराने काटकसर सुरू केलेली असते.

इथे एक गैरसमज टाळू. वाढीला ऊर्जा फार लागते असे नाही. पहिल्या तीन महिन्यांत बाळाच्या ऊर्जेचा सुमारे एक तृतीयांश भाग वाढीवर खर्च होतो. पण वर्षाचे होईपर्यंत हा भाग ३ टक्क्यांवर येतो. त्यानंतर वाढीला मुख्यतः हवे असते ते बांधकामाचे साहित्य : प्रथिने, लोह, जस्त, जीवनसत्त्वे. म्हणून नुसत्या भाताने किंवा मोहाने पोट भरलेल्या मुलाचीही वाढ खुंटू शकते. भूक भागलेली, पट्टी भरलेली, आणि तरीही आत टंचाई! वरण, अंडे, मासळी, पालेभाजी, शेंगदाणे यांचे महत्त्व ते याचसाठी.

लहान अंगाची मोठी गळती

बाळाच्या बाबतीत भौतिकशास्त्राचा आणखी एक नियम आडवा येतो. उष्णता बाहेर पडते ती अंगाच्या पृष्ठभागावरून, आणि तयार होते ती अंगाच्या आत. वस्तू लहान झाली, की वजनाच्या मानाने पृष्ठभाग वाढतो. ५० किलोच्या माणसाशी २ किलोच्या बाळाची तुलना केली, तर वजनातला फरक २५ पट. २५ चे घनमूळ सुमारे २.९. म्हणजे दर किलोमागे बाळाचा पृष्ठभाग जवळजवळ तिप्पट. तितक्याच वेगाने ते थंड पडते आणि प्यायलेले दूध वाढीऐवजी ऊब राखण्यात जाते. आईच्या अंगाशी धरलेले, टोपडे-दुपटे घातलेले बाळ म्हणूनच अधिक वेगाने वाढते. ऊब हेसुद्धा एक प्रकारचे अन्न आहे!

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९० नंतरच्या दशकात ३९ गावांत एक प्रयोग केला. गावातल्याच स्त्रियांना शिकवून त्यांच्याकरवी नवजात बाळांचे वजन घेणे, त्यांना उबेत ठेवणे, दूध पाजण्यास मदत करणे, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करणे अशी कामे घरोघरी करून घेतली. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले : तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात बाळांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. अवजारे साधीच होती. पण त्यांच्यामुळे न दिसणारी गोष्ट वेळेवर दिसू लागली.

खरी पट्टी

तर मुख्य अडचण ही आहे. खेळात भुकेची पट्टी डोळ्यांसमोर असते. खऱ्या मुलाच्या कपाळावर ती नसते, आणि शरीर तर टंचाई लपवण्यात पटाईत. मग मोजायचे कसे?

अंगणवाडीत त्यासाठी एक पट्टी खरोखरच असते. ६ महिने ते ५ वर्षे वयाच्या मुलाच्या डाव्या दंडाच्या मध्यावर ती गुंडाळतात. तिच्यावर तीन रंग असतात. घेर १२.५ सेंटिमीटर किंवा जास्त भरला तर हिरवा, ११.५ ते १२.५ च्या दरम्यान असेल तर पिवळा, ११.५ हून कमी असेल तर लाल. लाल म्हणजे तीव्र कुपोषण; उपचार तातडीने हवेत. त्याच्या जोडीला वजन आणि उंचीचीही नोंद ठेवतात.

एका सेंटिमीटरला एवढे महत्त्व का, असे वाटेल. गणित करा. दंड गोल मानला, तर त्याच्या छेदाचे क्षेत्रफळ घेराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १५ सेंटिमीटर घेराला सुमारे १८ चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळ, १२.५ ला १२.४ आणि ११.५ ला १०.५. म्हणजे पिवळ्या रंगाच्या त्या एका सेंटिमीटरमध्ये स्नायू, चरबी आणि हाड मिळून १५ टक्के दंड नाहीसा होतो. डोळ्यांना हे समजत नाही, पट्टीला समजते. म्हणूनच ‘पोर काही मागत नाही, म्हणजे त्याचे पोट भरले आहे’ असा निष्कर्ष कुणी काढू लागला, तर आधी पट्टी लावून पाहा, असे त्याला सांगा.

करून पाहा

१. शाळेच्या एका मजल्याची उंची मोजा. तुमच्या वजनावरून जिना चढण्याचे कार्य काढा, कार्यक्षमता पाव हिस्सा धरा आणि उत्तर उष्मांकांत मांडा. मग तांदळाचे १०० दाणे प्रयोगशाळेतल्या तराजूवर तोलून एका मजल्याला किती दाणे लागतात ते काढा. ५० किलो वजन आणि ३ मीटर उंचीला उत्तर वीस दाण्यांच्या आसपास यावे.

२. एकाच आकाराची एक मोठी व एक लहान बाटली घ्या. दोन्हींत सारख्याच तापमानाचे कोमट पाणी भरा. दर ५ मिनिटांनी तापमान मोजून आलेख काढा. मग लहान बाटलीला लोकरी कापड गुंडाळून प्रयोग पुन्हा करा.

३. चार-पाच जणांनी मिळून आपल्या भागातल्या रानावर एक खेळ रचा, कागदावर चालेल. भुकेचे नियम तुम्ही ठरवा. विश्रांतीचा खर्च, चढणीचा खर्च, ताप, थंडी, हंगाम आणि अन्नाचे निदान दोन प्रकार (ऊर्जेचे आणि वाढीचे) त्यात हवेत. खेळणाऱ्यांत एक लहान मूल असू द्या. त्याची भूक पडद्यावर दाखवायची नाही, असा नियम ठेवा. ती ओळखायची कशी, हे खेळणाऱ्याने शोधून काढायचे.

शिक्षकांना एक विनंती. दंडाची पट्टी पाच वर्षांखालच्या मुलांसाठी आहे. ती वर्गातल्या मुलांना लावू नये. कोणाचे वजन सर्वांसमोर वाचूनही दाखवू नये. दुसऱ्या प्रयोगाचे आलेख मात्र वर्गाच्या भिंतीवर जरूर लावावेत आणि त्यांच्याखाली बाटल्यांची मापे लिहावीत.